स्लीव्ह नसलेला हल्लेखोर : कोल्हापुरातील एका संरक्षक कुत्र्याचे फेरप्रशिक्षण

हे प्रकरण चार वर्षांच्या एका जर्मन शेफर्ड नराचे आणि त्याच्या मालकिणीचे आहे. मालकीणबाई, ज्यांना यापुढे ताई म्हणतो, हुपरीत चांदीचे दागिने घडवून घेण्याचा व्यवसाय करतात आणि कोल्हापूर शहराच्या दक्षिणेकडील एका नव्या वसाहतीत राहतात, जिथे बंगल्यांच्या मध्ये अजून रिकामे प्लॉट आहेत आणि दिवेलागणीनंतर रस्त्यावर फारशी वर्दळ राहत नाही. पतीच्या निधनानंतर व्यवसाय त्यांनी स्वतः हाती घेतला. कधी तयार माल, कधी कच्ची चांदी, कधी रोकड घेऊन हुपरी ते कोल्हापूर हा प्रवास त्यांना वरचेवर करावा लागतो. घरात वयस्कर सासूबाई, कॉलेजला जाणारी मुलगी आणि सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या कामाच्या मावशी, एवढीच माणसे.

टायगर हा कुत्रा त्यांनी बाहेरगावच्या एका केनेलमधून ‘पूर्ण प्रशिक्षित संरक्षक कुत्रा’ म्हणून विकत घेतला होता. व्यवहाराच्या वेळी दाखवलेल्या चित्रफितीत तो मैदानावर लांबून धावत येतो, एका माणसाच्या हातावरच्या स्लीव्हवर, म्हणजे चावा झेलण्यासाठी घातलेल्या जाड बाहीवर, झेप घेतो, काठी उगारली तरी पकड ढिली करत नाही आणि हुकूम मिळताच सोडून समोर बसतो. ती चित्रफीत मी, त्याचा फेरप्रशिक्षक म्हणून, नंतर बारकाईने पाहिली. तिच्यात बनावट काही नाही. पकड तोंडभर आणि शांत आहे, पुढच्या दातांनी कुरतडल्यासारखी नाही. कुत्रा मनाने खंबीर असल्याची ती चांगली खूण असते.

पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी ताई गाडीतून उतरून फाटकाचे कुलूप काढत असताना मोटारसायकलवरून दोघे जण आले. मागे बसलेल्याने उतरून पत्ता विचारला आणि ताई वळताच त्यांच्या चेहऱ्यावर मिरचीपूड फेकून खांद्यावरची पर्स ओढली. पूड बरीचशी चष्म्यावर आणि ओढणीवर पडली, म्हणून डोळे वाचले. या झटापटीत फाटक उघडले आणि आत मोकळा असलेला टायगर बाहेर आला. पुढचे सगळे शेजारच्या बंगल्यावरच्या कॅमेऱ्यात दिसते. तो थेट पर्स ओढणाऱ्या माणसाकडे धावतो, त्याच्याभोवती एक फेरी मारतो, आधी डाव्या आणि मग उजव्या हाताला नाक लावतो, दोन पावले मागे सरून भुंकतो आणि पुन्हा डाव्या हाताकडे पाहत राहतो. त्याची शेपूट हलते आहे. इतका मोठा कुत्रा अंगाशी आलेला पाहून त्या माणसाचा हात सुटला, समोरच्या घरातून कोणीतरी ओरडले आणि दोघेही पळाले. कुत्र्याच्या नुसत्या येण्याने चोर बिथरला, ही गोष्ट येथे नोंदवलीच पाहिजे, कारण घरच्या कुत्र्याचा बहुतेक उपयोग एवढाच आणि असाच होतो. परंतु त्या माणसाने पर्स सोडली नसती, तर टायगरने काय केले असते याचे उत्तर चित्रणात स्पष्ट आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा प्रसंग घडला, आणि तो मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. किराणा दुकानाचा हमाल तांदळाचे पोते खांद्यावर घेऊन आणि डाव्या हातावर रिकामे पोते गुंडाळून आत आला. ओट्यावर शांत बसलेला टायगर उठला आणि त्याने त्या गुंडाळलेल्या पोत्यावर तोंड टाकले, अगदी चित्रफितीतल्यासारखी तोंडभर पकड. ताईंनी ओरडल्यावर त्याने सोडले; हमालाच्या मनगटाला एक दात लागला होता. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली गेली, त्यांना रेबीजची लस सुरू झाली आणि सगळा खर्च ताईंनी केला. टायगरचे वार्षिक लसीकरण झालेले होते, तरीही चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, तसे ते ठेवले. मी त्या हमालांना जाऊन भेटलो, तेव्हा ते म्हणाले, “सायेब, कुत्रं माझ्यावर न्हाई आलं ओ, बारदानावर आलं.” या प्रकरणाचे इतके अचूक निदान माझ्यासह दुसऱ्या कोणी केलेले नाही.

मैदानावर कुत्रा काय शिकतो

केनेलमध्ये टायगरला जे शिकवले गेले, त्याचे मूळ जर्मनीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शेफर्डच्या पैदाशीसाठी योग्य जनावरे निवडावीत, या हेतूने तिथे ‘शुत्झहुंड’ ही परीक्षा आकाराला आली. आज तीच परंपरा ‘आयजीपी’ या नावाने खेळ म्हणून जगभर चालते. तिच्यात माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग असून प्रत्येकाला 100 गुण असतात. संरक्षणाच्या भागात कुत्रा मैदानावरचे आडोसे शोधत जातो, लपलेल्या माणसासमोर उभा राहून भुंकतो आणि हल्ला होताच हातावरच्या जाड स्लीव्हची पकड घेतो. स्लीव्हवर बहुधा तागाचे आवरण असते. सरावात पकड चांगली लागली की डिकॉय, म्हणजे हल्लेखोराची भूमिका करणारा माणूस, ती स्लीव्ह हातातून निसटू देतो आणि कुत्रा ती तोंडात धरून मिरवत नेतो. ती त्याची बक्षिसी असते.

या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. कुत्र्याची हिंमत, त्याचे ऐकणे आणि ऐन उत्साहाच्या भरात स्वतःला आवरण्याची त्याची ताकद तिच्यात कसाला लागते, आणि टायगरचा पाया इतका भक्कम होता तो तिच्यामुळेच. अडचण आहे ती या खेळात तयार झालेला कुत्रा घराच्या संरक्षणासाठी जसाच्या तसा विकण्यात. कुत्रा एखादी गोष्ट शिकतो तेव्हा ती भोवतालासकट शिकतो. मैदानाचे गवत, चाबकाचा आवाज, डिकॉयची उभे राहण्याची ढब, तागाचा वास, मालकाच्या हातातल्या दोरीचा ताण, हे सगळे मिळून त्याच्यासाठी एक प्रसंग बनतो. त्यातले चार घटक काढून घेतले की उरलेल्या एकाचा अर्थ त्याला आपोआप लागत नाही. माणूस एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे सहज लावतो. कुत्र्याला ते प्रत्येक नव्या जागी जवळजवळ पहिल्यापासून दाखवावे लागते. टायगरसाठी हल्लेखोर म्हणजे डाव्या हातावर तागाची स्लीव्ह असलेला माणूस होता. पर्स ओढणाऱ्याच्या हातावर ती नव्हती आणि हमालाच्या हातावर होती.

तपासणी

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून खुब्यांचे एक्स-रे, रक्त तपासणी आणि दात पाहून घेतले. जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो, आणि आपल्याकडे गोचिडांपासून होणारे ताप इतके सर्रास आहेत की कुत्रा सुस्त किंवा चिडका का झाला याचे कारण कित्येकदा रक्तातच सापडते. वेदनेत असलेल्या कुत्र्याला चावण्याचे काम शिकवणे क्रूरपणाचे आहे आणि धोक्याचेही. टायगरचे खुबे ठीक निघाले. प्लेटलेट थोड्या कमी होत्या, म्हणून उपचार पूर्ण होईपर्यंत थांबलो.

त्यानंतरच्या तपासणीतली एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ज्यांना आपल्या कुत्र्याची खरी स्थिती जाणून घ्यायची आहे, त्यांना ती करून पाहता येईल. मात्र जाणकार प्रशिक्षक सोबत असल्याशिवाय करू नये. टायगरला रुंद पट्टा आणि मजबूत दोरी लावून ताईंच्या शेजारी उभे केले. त्याने पूर्वी कधी न पाहिलेला एक माणूस साध्या शर्ट-पँटमध्ये समोरून आरडाओरडा करत, हात उगारत आला. स्लीव्ह माझ्या गाडीच्या डिकीत बंद होती. टायगर दोन वेळा भुंकला, मग त्याने मान वळवली, हवेत वास घेतला, आणि त्या ओरडणाऱ्या माणसाकडे पाठ करून डिकीकडे तोंड करून बसला. त्याचे कान टवकारलेले होते आणि तो अतिशय आनंदात होता. त्याच्या हिशेबी खेळाचे साहित्य यायचे होते.

दुसरी पायरी दबावाची होती. त्याच माणसाने ओरडणे बंद करून टायगरच्या नजरेला नजर लावली आणि अंग किंचित वाकवून, एकेक पाऊल टाकत, अजिबात मागे न सरता तो पुढे येऊ लागला. खेळातला डिकॉय बहुधा हलत्या भक्ष्यासारखा वागतो आणि कुत्र्याची शिकारीची ओढ जागी करतो. हा माणूस मात्र सरळ अंगावर चालून येत होता. टायगरने ओठ चाटले, कान मागे गेले, वजन मागच्या पायांवर आले. पुष्कळ कुत्रे या क्षणी मालकाच्या मागे जातात. टायगर मागे गेला नाही, पण पुढेही सरकेना. तेव्हा ताईंना एक पाऊल पुढे टाकायला सांगितले, आणि त्या सरकताच तो त्यांच्या पुढे येऊन उभा राहिला, खोल आवाजात गुरगुरला, मानेवरचे केस उभे राहिले. डिकॉय तत्काळ मागे फिरून पळाला. कुत्र्याला आपल्या वागण्याने समोरचा हटतो हे कळणे या वेळी फार मोलाचे असते, म्हणून दबाव तिथेच थांबवला. आधाराने का होईना, हा कुत्रा उभा राहतो एवढे समजले आणि फेरप्रशिक्षण हाती घ्यायचे ठरले. तो मागे गेला असता, तर मी ताईंना स्पष्ट नकार दिला असता. घाबरट कुत्र्याला चावायला शिकवणे म्हणजे घरात कुणाला ना कुणाला चावणारे जनावर तयार करणे होय.

धोका कोणता आणि धोका कोणता नव्हे

प्रत्यक्ष कामाआधी ताईंबरोबर बसून त्यांच्या आठवड्याची उजळणी केली. माल कुठे हातात असतो, गाडी कुठे लावतात, अंधार कुठे असतो, कोणत्या क्षणी दोन्ही हात गुंतलेले असतात. तीन जागा निघाल्या: हुपरीत दुकान बंद करून गाडीत बसताना, घरापाशी फाटक उघडताना, आणि पहाटे सासूबाई दूध घ्यायला दार उघडतात तेव्हा. खरा हल्ला मैदानातल्यासारखा लांबून धावत येत नाही. तो पत्ता विचारतो, गाडी पंक्चर झाल्याचे सांगतो, कुरिअर घेऊन येतो, आणि हातभर अंतरावर आल्यावर उघड होतो. म्हणजे लांबून येणाऱ्यावर झेप घेणारा कुत्रा ताईंच्या कामाचा नव्हता; अनोळखी माणूस हातभर अंतरावर असताना स्वस्थ बसणारा आणि त्याच माणसाने ताईंना धरताच क्षणात उठणारा कुत्रा हवा होता.

मिरचीपुडीचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता. ताईंची पहिली मागणी अशी होती, की कोणी पूड उधळली की टायगरने धावून गेले पाहिजे. पण आपल्या भागात पूड उधळली जाते ती मुख्यतः आनंदाने. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगर गुलालाने न्हातो, पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा असा उधळतात की माणसे आणि देऊळ पिवळे होऊन जाते, गणपतीच्या मिरवणुकीत आणि निवडणुकीच्या निकालाला गुलाल असतोच. हातातून पूड फेकली जाणे हाच ज्याच्यासाठी हल्ल्याचा इशारा झाला आहे, असा कुत्रा कोल्हापुरात पहिल्या वर्षातच एखाद्या पोराला फोडून काढील. ताईंना हे पटायला वेळ लागला, आणि ते स्वाभाविक होते. डोळ्यांसमोर पूड आलेली त्यांनी अनुभवली होती. शेवटी ठरले ते असे: पूड उडाल्याने टायगरने विचलित होऊ नये, एवढेच शिकवायचे. त्याने पकड घ्यायची ती दोनच कारणांनी, ताईंचा हुकूम किंवा ताईंच्या अंगाशी प्रत्यक्ष झालेली ओढाताण. बाकी सर्व वेळी त्याचे काम भुंकणे आणि मध्ये उभे राहणे.

हुकूम म्हणून ‘छू’ चालणार नव्हते, कारण गल्लीतली पोरे भटक्या कुत्र्यांना दिवसभर तेच म्हणतात. बोलण्यात सहज न येणारा एक शब्द निवडला. तो येथे लिहीत नाही.

स्वस्थ बसण्याचे शिक्षण

पहिला सगळा काळ चावण्याचे एकही काम केले नाही. टायगरला मार्केट यार्डात गुळाच्या आणि धान्याच्या गाड्या उतरवल्या जातात त्या जागेपासून बऱ्याच अंतरावर नेऊन नुसते बसवले. समोरून हमाल पोती घेऊन ये-जा करत होते. सुरुवातीला प्रत्येक पोत्याबरोबर त्याची मान फिरायची आणि अंग ताठ व्हायचे. पोत्याकडून नजर काढून तो ताईंकडे बघेल, त्या क्षणी त्याला खाऊ मिळायचा. तो निवांत झाला की थोडे जवळ, पुन्हा ताठला की मागे. हे काम अतिशय कंटाळवाणे आहे आणि बहुतेक मालकांना ते प्रशिक्षण वाटतच नाही. तरी मी म्हणेन, की संरक्षक कुत्र्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा वाटा इथेच खर्च झाला पाहिजे. पुढे हाच सराव रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत, भेळेच्या गाड्यांच्या आणि धावणाऱ्या मुलांच्या शेजारी केला, मग गुजरीच्या अरुंद रस्त्यावर, जिथे माणसे अंगाला घासून जातात. गर्दीच्या या सर्व जागी त्याच्या तोंडाला मुसके होते. मुसके घालायची सवय त्याला घरीच, त्यात खाऊ ठेवून, सावकाश लावली होती, त्यामुळे ते दिसताच तो स्वतः नाक पुढे करायचा.

‘सोड’ आणि ‘ये’ या दोन आज्ञा त्याला मैदानावर येत होत्या, पण फक्त मैदानावर. त्या पुन्हा घराच्या अंगणात, गाडीत, जिन्यावर, अंधारात, भर पावसात पक्क्या केल्या. धावत सुटलेल्या कुत्र्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावता येत नसेल, तर तो कुत्रा मालकाच्या ताब्यात नाही, मग त्याची पकड कितीही उत्तम असो.

स्लीव्ह मागे पडताना

त्यानंतर चावण्याचे काम सुरू झाले. आधी नेहमीची स्लीव्ह सैल जाकिटाच्या आत घातली, म्हणजे आकार ओळखीचा पण ताग दिसेनासा. मग शर्टाखाली घालायची पातळ स्लीव्ह आली, कधी डाव्या, कधी उजव्या हातावर, आणि पुढे संपूर्ण बाइट सूट, म्हणजे अंगभर जाड संरक्षक पोशाख, ज्यात दंड, पोटरी, पाठ कुठेही पकड घेता येते. बक्षीस बदलणे सर्वांत महत्त्वाचे होते. पूर्वी स्लीव्ह जिंकली की खेळ संपायचा. आता ती त्याच्या तोंडात राहिली तरी डिकॉय उभाच राहायचा आणि पुन्हा ताईंकडे सरकायचा. टायगर पहिल्यांदा गोंधळला, स्लीव्ह तोंडात घेऊन उभा राहिला, मग ताईंचा आवाज ऐकून त्याने ती जमिनीवर टाकली आणि माणसाकडे वळला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे वळण त्या क्षणी आले.

मुसके घालून केलेल्या सरावाने ते पक्के झाले. मुसक्यात पकड शक्य नसते, चावण्यासाठी साहित्यही काही नसते, त्यामुळे कुत्रा छातीने आणि मुसक्याने माणसाला धडक देतो. तो खरोखर माणसावर काम करतो आहे की साहित्यावर, हे पाहायला यापेक्षा प्रामाणिक कसोटी नाही. डिकॉय दर वेळी वेगळे ठेवण्याचा प्रयत्न केला: उंच, ठेंगणे, वयस्कर, हेल्मेट घातलेले, एकदा साडी नेसलेली एक प्रशिक्षक. पुडीच्या सरावासाठी ज्वारीचे पीठ वापरले आणि तेही कुत्र्याच्या तोंडावर कधीच फेकले नाही, बाजूला उडवले. मिरची खरोखर डोळ्यांत गेल्यास तेल-तूप काही न लावता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहायचे आणि पशुवैद्यकाला गाठायचे, हे घरातल्या सर्वांना दाखवून ठेवले.

ऐन पावसात एक अडचण उभी राहिली. दोन-तीन हल्ल्यांमध्ये डिकॉयच्या अंगावर रेनकोट होता, आणि टायगर रेनकोटातल्या दूधवाल्यावर गुरगुरू लागला. त्याने पुन्हा तेच केले होते: माणसाच्या वागण्याऐवजी त्याच्या पोशाखाला इशारा धरले होते. हल्ल्याचे काम बंद केले. त्यानंतर कितीतरी दिवस रेनकोट घातलेली माणसे नुसती आली, पत्ता विचारून गेली, पेपर टाकून गेली, ताईंशी गप्पा मारून गेली, आणि क्वचित एखाद्या वेळी कोरड्या दिवशी साध्या कपड्यातल्या माणसाने ताईंचा हात धरला. गुरगुरणे थांबल्यावरच पुढे गेलो.

घरातली माणसे

पोलिसांच्या श्वान पथकातला कुत्रा ठरलेल्या हस्तकांच्या, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या पोलिसांच्या, हाताखाली असतो, आणि ते हस्तक त्याच्याबरोबर प्रशिक्षण घेतात. घरचा कुत्रा आजीच्या, मुलीच्या, मावशींच्या आणि पाहुण्यांच्या हातात असतो. म्हणून ताईंचे प्रशिक्षण कुत्र्याइतकेच चालले. दोरी कशी धरायची, पकड लागलेली असताना कुठे उभे राहायचे, आवाज न चढवता आज्ञा कशी द्यायची. त्याहून साधे म्हणजे गाडीतून उतरण्याआधी आरशात पाहायचे, फाटकापाशी दिवा लावायचा, पर्स खांद्यावर न अडकवता गाडीतच ठेवून आधी फाटक उघडायचे. यातल्या कित्येक गोष्टींना कुत्रा लागतच नाही, आणि मी त्या आधी करून घेतल्या.

सासूबाईंशी मात्र मतभेद झाला. घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातून टायगरला भाकरीचा तुकडा द्यायचा, म्हणजे तो ओळख धरतो, अशी त्यांची रीत. “मुक्या जनावराला पाहुण्याच्या हातचं दिलं तर काय बिघडलं?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “आजी, विष घातलेलं मटण टाकणाराही पाहुण्यासारखाच येतो.” खेड्यापाड्यांत चोरीआधी राखणीची कुत्री अशीच मारली जातात, कीटकनाशक लावलेला तुकडा पुरतो. टायगरला फक्त त्याच्या थाळीतले, आज्ञा मिळाल्यावर खायला शिकवले, आणि आजींना थाळीत वाढण्याचा मान दिला. ती रीत त्यांनी आजवर मनापासून पाळली आहे.

पकडीचा हुकूम फक्त ताई देतील असे ठरले. मुलीची तयारी होती, पण तिच्या आवाजावर टायगर ‘सोड’ दर वेळी ऐकत नव्हता, आणि सोडवता येत नाही त्याने धरायला सांगू नये. आजी एकट्या असताना टायगर आत, बंद दारामागे राहतो आणि भुंकून कळवतो, एवढेच.

कायद्याची बाजू ताईंना आधीच समजावली होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण कलम 37 प्रमाणे गरजेपेक्षा अधिक इजा करण्यापर्यंत तो पोचत नाही. पळून जाणाऱ्या माणसामागे कुत्रा सोडणे हे संरक्षण ठरवता येणे कठीण आहे. हल्लेखोर हटला की टायगरला परत बोलवायचे, हा नियम म्हणूनच केला. फाटकावर कुत्र्याची पाटी लावली आणि सामान आत आणून देणाऱ्यांसाठी घंटा फाटकाबाहेर बसवली.

अखेरची चाचणी

दिवाळीनंतर, टायगरने कधीही न पाहिलेल्या दोन माणसांकडून फाटकापाशी चाचणी घेतली. वेळ पहिल्या प्रसंगाचीच. एकाने जवळ येऊन पत्ता विचारला, ताईंनी सांगितला, तो गेला. टायगर त्यांच्या डाव्या बाजूला बसून होता, नजर त्या माणसावर, अंग सैल. दुसऱ्याने पत्ता विचारता विचारता पीठ उडवले. टायगरने पापण्या मिटल्या आणि उभा राहून भुंकला, पण झेप घेतली नाही. त्याच माणसाने पर्सला हात घालून ताईंना ओढताच टायगर मध्ये आला आणि त्याने शर्टाखालच्या पातळ स्लीव्हवर दंडापाशी पकड घेतली. डिकॉयने हात सोडून स्थिर उभे राहताच ताईंनी ‘सोड’ म्हटले, आणि त्याने सोडून त्यांच्या पुढे उभे राहून भुंकणे चालू ठेवले. दोन मिनिटांनी एक हमाल हातावर बारदान गुंडाळून आत आला. टायगरने त्याच्याकडे पाहिले आणि ताईंकडे मान वळवली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा नव्या डिकॉयबरोबर सराव चालतो, जागा बदलून. उन्हाळ्यात तो पहाटे उरकतो, कारण कुत्र्याला धापेवाटेच अंग निववावे लागते आणि दाट केसांचा शेफर्ड उन्हात लवकर कोलमडतो. दोन गोष्टी अजून समाधानकारक नाहीत. बंद गाडीत असताना काचेला हात लावणाऱ्या कोणावरही टायगर फार भुंकतो, मग तो टोलवरचा माणूस का असेना. आणि मुलीच्या आज्ञा तो अजून ताईंच्या उपस्थितीतच नीट ऐकतो. दोन्हींवर काम चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात ताईंनी हुपरीच्या कारखान्यासाठी असाच दुसरा कुत्रा तयार करून मागितला. मी नाही म्हटले. तिथे कारागीर पाळ्यांमध्ये येतात-जातात, उधारीवर माल नेणारे येतात, भट्टीची उष्णता आहे, आणि रात्री कुत्र्याला आज्ञा देणारे, त्याला सोडवणारे कोणीही नसते. कोणाच्याही ताब्यात नसलेला चावरा कुत्रा तिथल्या माणसांनाच धोका ठरला असता. तिथे चांगली तिजोरी, कॅमेरे आणि दोन पाळ्यांचे पहारेकरी बसवले आहेत, आणि रात्री भुंकून जागे करायला कारखान्याच्या आवारातच वाढलेली एक गावठी कुत्री आहे, जिला काही शिकवण्याची गरज पडलेली नाही.